केसपेपर संगणकावर, पण रुग्णाकडे कोण पाहणार?

सरकारी रुग्णालयातला केसपेपर हा गरीब रुग्णाच्या आजाराचा बहुधा एकमेव साक्षीदार असतो. तो पावसात भिजतो, प्रवासात हरवतो, आणि मग त्याच तपासण्यांसाठी पुन्हा रोजगार बुडवावा लागतो. तेव्हा ही नोंद संगणकावर जावी, याविषयी कोणाच्याही मनात किंतु असू नये. केंद्र सरकारने २०१३ साली अशा नोंदींचे मानदंड ठरविले, २०१६ साली ते सुधारले, आणि २०२१ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले.

तरीही डॉक्टर मंडळी या कामात मनापासून उतरत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. त्यांना जुनाट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अमेरिकेचा अनुभव वेगळेच सांगतो. तेथे २००९ साली कायदा करून सरकारने या कामासाठी अब्जावधी डॉलर ओतले. काही वर्षांतच बहुतेक सर्व रुग्णालयांत संगणक आले. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की रुग्णाबरोबरच्या एका तासामागे डॉक्टरचे जवळजवळ दोन तास संगणक आणि कागदपत्रे यांत जातात. कारण उघड आहे : त्या नोंदींची घडण पुष्कळ अंशी बिलाच्या सोयीने झाली होती. उलट तेथील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी त्याआधीच, डॉक्टरांना सोबत घेऊन, सार्वजनिक पैशातून स्वतःची प्रणाली उभारली होती.

आपल्याकडे तर बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. त्यांतच टंकलेखनही डॉक्टरच्या माथी मारले, तर कापला जातो तो रुग्णाचा वेळ. म्हणून नोंदी करण्यासाठी स्वतंत्र पदे भरली पाहिजेत, आणि प्रणाली ठरविताना डॉक्टर व परिचारिका यांचा शब्द मानला पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरात सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्समध्ये सुमारे दोन आठवडे कामे हाताने करावी लागली. तेव्हा संगणक बंद पडल्यास काय करायचे, याचीही तयारी हवी. शिवाय रुग्णाच्या संमतीवाचून त्याची माहिती विमा कंपनीच्या वा अन्य कोणाच्या हाती जाता कामा नये.

संगणकावर किती नोंदी झाल्या, हे आकडे सरकार अभिमानाने सांगेल. रांगेतल्या बाईला मात्र एकच हवे असते : आपण बोलत असताना डॉक्टरने मान वर करून आपल्याकडे पाहावे. ते साधत नसेल, तर या सुधारणेचा तिला काय उपयोग?