म्हशीचे पहिले नव्वद दिवस

गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात कार्यरत असताना दुग्धव्यवसायाची अनेक कर्जप्रकरणे माझ्या हातून गेली. म्हशीची किंमत, गोठ्याचा खर्च, विमा, अपेक्षित दूध यांची आम्ही काटेकोर पडताळणी करीत असू. व्याल्यानंतर म्हैस काय खाईल, हा प्रश्न मात्र मी कधी विचारला नव्हता. परतफेड रखडलेल्या एका गोठ्यास भेट दिली, तेव्हा त्याचे महत्त्व ध्यानी आले. म्हैस जातिवंत होती. परंतु दोन महिन्यांतच ती खंगली, दूध उतरले आणि पुढे कित्येक महिने ती माजावर आली नाही. हप्ते मात्र दरमहा येतच होते.

याचे कारण साधे आहे. व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र मागे राहते. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो. तो घडविण्यास लागणारी ऊर्जा चाऱ्यातून मिळाली नाही, तर ती अंगावरील चरबीतून खर्च होते. स्निग्ध पदार्थांत पिष्टमय पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा असते. तथापि तेल थेट खुराकात ओतणे हा उपाय नव्हे. जादा तेलामुळे कोठीपोटातील जंतूंचे कार्य मंदावते आणि कडब्याचे पचन बिघडते. म्हणून स्निग्धाम्लांचा कॅल्शियमशी संयोग करून ‘बायपास फॅट’ तयार करतात. ते कोठीपोटात विरघळत नाही. पुढे चौथ्या पोटातील आम्लात सुटे होऊन आतड्यात शोषले जाते. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही हे तंत्र विकसित केले आहे.

आता हिशेब पाहू. दर लिटर दुधामागे १५ ते २० ग्रॅम, असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. दहा लिटर देणाऱ्या म्हशीस रोज १५० ग्रॅम दिले व किलोस १५० रुपये दर धरला, तर रोजचा खर्च साडेबावीस रुपये, नव्वद दिवसांचा सुमारे दोन हजार रुपये होतो. दुधाचा दर ५० रुपये धरल्यास रोज अर्ध्या लिटरहून कमी वाढीतच तो भरून निघतो. म्हैस वेळेवर गाभण राहिली, तर भाकड काळातील पोसण्याचा खर्च वाचतो, तो वेगळाच.

अर्थात हे सर्वांसाठी नाही. तीन-चार लिटर देणाऱ्या म्हशीस चांगली वैरण, पेंड व क्षारमिश्रण पुरते. बायपास फॅट हिरव्या चाऱ्याची जागा घेऊ शकत नाही आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना ते सुरूही करू नये.

माझे मत इतकेच की, खुराकाकडे आपण केवळ खर्च म्हणून पाहू नये. हात आखडला की दूध उत्पादक प्रथम खुराकच कमी करतो आणि तेथूनच थकबाकीची सुरुवात होते. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पाने किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालनासही खुली केली. म्हैस खरेदीच्या मुदत कर्जासोबत खुराकासाठी खेळते भांडवल मंजूर करणे त्यामुळे शक्य आहे. ग्राहकांनी ते मागावे आणि आम्ही अधिकाऱ्यांनी ते आपणहून सुचवावे. थकबाकीच्या नव्वद दिवसांवर आमची नजर असतेच. ती व्याल्यानंतरच्या नव्वद दिवसांवरही राहिली, तर वसुलीसाठी गोठ्यावर जाण्याचे प्रसंग खचितच कमी होतील.