इशारा कुणाच्या दारापर्यंत पोचतो?

१२ नोव्हेंबर १९७०. रमजानचा महिना. पौर्णिमा जवळ आलेली, त्यामुळे समुद्राला उधाणाची भरती. त्या रात्री बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला बेटाच्या परिसरात घुसले. मृतांचा आकडा ३ ते ५ लाख धरला जातो. तजुमुद्दीन या एका तालुक्यातच सुमारे ४५ टक्के माणसे गेली.

‘निसर्गाला गरीब-श्रीमंत कळत नाही’ असे सहज बोलले जाते. ते खरेही आहे. पण गाळाने तयार झालेल्या, पाण्यापासून जेमतेम वर असलेल्या चरांवर राहायला जातो कोण? ज्याला दुसरीकडे जमीन नाही तो. भातकापणीला आलेले बाहेरगावचे मजूरही तेव्हा तिथेच होते. वादळ येत असल्याचे हवामान खात्याला ठाऊक होते. झोपडीपर्यंत ते नीट पोचले नाही, आणि पोचले असते तरी चढून बसायला पक्के छत कुठे होते?

१९९१ च्या एप्रिलमध्ये चितगावच्या किनाऱ्यावर पुन्हा तेच. सुमारे १ लाख ३८ हजार बळी. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाला ‘अँड्र्यू’ वादळाने झोडपले. एकूण ६५ माणसे दगावली आणि नुकसान मात्र २५ अब्ज डॉलरहून अधिक. विमा उतरवलेल्या घराची पै न् पै मोजली जाते. चरावरच्या बाईची गाय कुठल्याच यादीत नसते, आणि त्या गायीपायीच ती इशारा ऐकूनही घर सोडत नाही.

तरी सगळा दोष गरिबीच्या माथी मारणे सोयीचे आहे, खरे नाही. १९७२ पासून बांगलादेशाने गावोगावी स्वयंसेवक उभे केले. कर्णे आणि झेंडे घेऊन ते दारोदार जातात. १९९१ नंतर खांबांवरची निवारा केंद्रे वाढली. एरवी तिथे शाळा भरते. गुरांसाठी मातीचे उंचवटे झाले. २००७ चे ‘सिडर’ वादळही भयंकरच होते. त्यात सुमारे साडेतीन हजार लोक गेले. देश तेव्हा काही श्रीमंत झाला नव्हता.

उलट किल्लारी पाहा. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. ज्यांना परवडले त्यांनी जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद बांधले होते. त्याच भिंतींखाली हजारो माणसे चिरडली. कुडाच्या, पाल्याच्या झोपडीतले पुष्कळसे वाचले. पैसा होता, भिंत कशी बांधावी हे सांगणारे कुणी नव्हते.

आपत्तीनंतर मदत येते. रमजानमध्ये तर जकात-सदक्याचा हात सैलच असतो, आणि शेजारीपाजारीही मागे राहत नाहीत. ब्लँकेटवाटपाचा फोटो छापून येतो. आधी बांधलेल्या निवाऱ्याचा येत नाही. पूररेषेतल्या वस्तीत भोंगा ऐकू जातो का, अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला कुणी उचलायचे आणि कुठल्या शाळेत न्यायचे, हे पावसाळ्याआधी नगरपालिकेने लेखी जाहीर करायला हवे.