सदिच्छा आणि तह

हेतु शुद्ध असला म्हणजे कार्य सिद्धीस जातेंच, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे, असें आम्हांस वाटतें. आणि व्हर्सायच्या तहाहून याचा अधिक बोलका दाखला क्वचितच सांपडेल.

ता. ८ जानेवारी १९१८ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीं शांततेचीं चौदा कलमें जाहीर केलीं. तह उघडपणें व्हावे, शस्त्रें कमी व्हावीं, सर्व राष्ट्रांचा एक संघ असावा, असा त्यांचा आशय होता. पराभव समोर दिसूं लागतांच जर्मनीनें याच कलमांच्या आधारें तहाची मागणी केली. परंतु १९१९ सालीं पॅरिसमध्यें मुख्य निर्णय झाले ते चार पुढाऱ्यांच्या बंद खोलींत!

असें कां झालें? एक तर युद्धांत दिलेलीं गुप्त वचनें आडवीं आलीं. इटलीस १९१५ सालींच प्रदेश कबूल केलेले होते. शांटुंगमधील जर्मन हक्क जपानला मिळाले, म्हणून चीननें सहीच नाकारली. दुसरें, ज्या फ्रान्सचीं गांवें उद्ध्वस्त झालीं होतीं, त्याच्या क्लेमांसोस क्षमेचा उपदेश रुचेल कसा? तिसरें, तत्त्व सर्वांस सारखें लागलें नाहीं. वंशसमानतेच्या जपानी सूचनेस १७ पैकीं ११ मतें पडलीं, तरी एकमत नाहीं म्हणून अध्यक्षस्थानावरून विल्सन यांनींच ती बाजूस सारली. लोकमान्य टिळकांनीं हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाविषयीं क्लेमांसो यांस लिहिलें, तेंही व्यर्थ गेलें.

आणि शेवटीं घरच्यांनींच साथ सोडली. पॅरिसला जातांना विल्सन यांनीं सिनेटचा एकही सभासद बरोबर नेला नव्हता. त्या सिनेटनें तह फेटाळला, आणि संघाच्या जनकाचें राष्ट्र संघाबाहेर राहिलें.

म्हणून आदर्श टाकून द्यावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९४५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें अमेरिकेनें दोन्ही पक्षांचे सिनेटर बरोबर नेले, आणि सिनेटनें संयुक्त राष्ट्रांची सनद ८९ विरुद्ध २ मतांनीं मान्य केली. ती सनद निर्दोष नाहीं. बलिष्ठांचा नकाराधिकार तींत आहेच. तथापि चुकीपासून मनुष्य शिकतो, एवढें यावरून दिसतें.

आमच्या मतें पॅरिसमध्यें आदर्श हरला तो उंच होता म्हणून नव्हे. त्याची किंमत शेजाऱ्यानें द्यावी, असें प्रत्येकास वाटलें म्हणून. विद्यार्थिमित्रांनो, वर्गांतील असो वा घरांतील, भांडण मिटविण्यास पुढें व्हाल तेव्हां प्रथम स्वतःस विचारा : यांत आपण काय सोडावयास तयार आहों? उत्तर कांहींच नसेल, तर आपली सदिच्छा कितीही गोड असो, समेट टिकणार नाहीं.