नाळे बा

(बी. कॉम. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी, हळ्ळीखेड (बी))

आपल्या सीमाभागात तीन भाषा बोलल्या जातात आणि तिन्ही भाषांत वायदा पुढे ढकलायची सोय आहे. मराठीत 'उद्या या', कन्नडमध्ये 'नाळे बा' आणि दखनीत 'कल आओ'. त्यांतल्या त्यांत 'कल' हा शब्द फारच सोयीचा, कारण तो येणाऱ्या दिवसालाही चालतो आणि होऊन गेलेल्या दिवसालाही. १९९० च्या दशकात कर्नाटकात घरोघरच्या दारांवर 'नाळे बा' असे लिहीत, ही हकीकत वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेली आहेच. रात्री दार ठोठावणारी हडळ ते वाचून परत जाई आणि दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाची. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटात हीच कल्पना घेतली आहे. मित्रांबरोबर तो मोबाइलवर पाहताना सगळे हसत होते. मला मात्र त्या हडळीची दया आली, कारण तोवर मी आणि माझे आजोबा आठ महिने एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या उस्तादाच्या दारात तेच वाचत होतो.

हकीकत अशी. आमच्या आजोबांकडे एकनळी, बारा बोअरची, परवान्याची बंदूक आहे. तिने कोणी शिकार करीत नाही. तो विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच संपवला. रात्री ज्वारीत किंवा उसात रानडुकरे शिरली की एक बार काढायचा आणि कळप हाकलून लावायचा, एवढेच तिचे काम. शिवाय खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या पंगतीत तिलाही हळदकुंकू मिळते. २०२३ च्या हिवाळ्यात ज्वारी पोटरीला आली आणि नेमका तेव्हाच तिचा घोडा काडतुसावर नुसताच 'टक्' करून पडू लागला. आतली कमान मेली होती.

गावात लोहार नाही का, असे कोणी विचारील. आहे, आणि हाताचा चांगला हुशार आहे. परंतु १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला जसा परवाना लागतो तसाच ती दुरुस्त करायलाही लागतो. आमच्या लोहाराने कमान ठोकून दिली तर तो बिचारा गुन्हेगार ठरेल. म्हणून बंदूक खोळीत घालायची, परवाना बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा, हुमनाबादला जाऊन दुसरी बस धरायची आणि परजिल्ह्यातले शहर गाठायचे. त्या शहराचे आणि दुकानाचे नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

उस्तादांनी बंदूक उघडून पाहिली, घोडा दोनदा चढवला, उतरवला आणि म्हणाले, "पंद्रह दिन, साब." कॅलेंडरचे पान फाडून त्याच्या मागे त्यांनी लिहून दिले : एक बंदूक, बारा बोअर, रिपेअर. बंदुकीचा नंबर नाही, तारीख नाही, मजुरी नाही. आजोबांनी ते पान परवान्याच्या पुस्तिकेत जपून ठेवले. मी तेव्हा बी. कॉम. च्या पहिल्या वर्षात होतो. मलाही त्यात काही खटकले नाही.

पंधराव्या दिवशी फोन केला. "कल बताता हूँ." त्यानंतर फोन वाजत राही आणि बंद होई. आजोबा स्वतः दोनदा जाऊन आले. एकदा दुकान बंद होते, एकदा उस्ताद नमाजाला गेले होते आणि दुकानातल्या पोराला बंदुकीविषयी काहीच ठाऊक नव्हते. तिसऱ्या खेपेला उस्ताद भेटले, चहा पाजला आणि म्हणाले, "बस, थोडाच काम बाकी है." किती बाकी, कशाचे बाकी, हे विचारायचे आजोबांच्या जिभेवर होते, पण चहा पिऊन झाल्यावर माणसाला तसे विचारवत नाही. इकडे रात्री आम्ही आळीपाळीने मळ्यात जाऊन पत्र्याचा डबा बडवीत होतो. डुकरे हुशार असतात. डब्याच्या आवाजाला ती चार दिवस भितात, पाचव्या दिवशी त्यांना कळते की हा नुसताच डबा आहे. त्या वर्षी बांधालगतची ज्वारी गेली ती गेलीच.

इथपर्यंत ही नेहमीची कटकट होती. शिंपी, सुतार, सोनार, कोणाविषयीही अशीच हकीकत कोणीही सांगेल. पण १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचा निरोप घरी आला. आमच्या बिदर मतदारसंघात ७ मे रोजी मतदान होते. "बंदूक कुठं आहे?" या साध्या प्रश्नाला आजोबांपाशी एकच उत्तर होते, ते म्हणजे कॅलेंडरचे पान. त्यावर नंबर नसल्याने ते पान कोणत्याही बंदुकीचे असू शकत होते. हवालदार भला माणूस होता, तो म्हणाला, "आजोबा, दुकानदाराकडून लिहून आणा." आणि दुकानदार तर फोन उचलत नव्हता. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, आयुष्यात ज्याने कधी ठाण्याची पायरी चढली नाही, तो त्या रात्री जेवला नाही. सोफ्याची किंवा शिलाई मशिनची दुरुस्ती रखडली तर सोफा नसतो, मशिन नसते. बंदुकीची रखडली तर माल दुकानात असतो आणि जबाबदारी मात्र घरी असते.

त्याच आठवड्यात वर्गात सर भारतीय करार अधिनियम, १८७२ मधले बेलमेंटचे प्रकरण शिकवीत होते. एका व्यक्तीने विशिष्ट कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, हे कलम १४८. काम पुरे झाले किंवा मुदत संपली की मागणीची वाट न पाहता वस्तू परत केली पाहिजे, हे कलम १६०. चुकीमुळे वेळेवर परत केली नाही तर तेव्हापासून तिच्या नुकसानीची जोखीम घेणाऱ्यावर, हे १६१. मुदत ठरली नसेल तर काम 'वाजवी वेळात' व्हावे, हे कलम ४६. एरवी मी ही कलमे परीक्षेपुरती पाठ केली असती. त्या दिवशी सर प्रत्येक कलम आमच्या आजोबांविषयीच वाचत आहेत असे वाटत होते. कलम १७० खालच्या उदाहरणांत हिऱ्याला पैलू पाडणारा सराफ आहे, कोट शिवणारा शिंपी आहे. बंदूकवाला नाही, पण तो त्यांच्याच पंगतीतला.

तासानंतर सरांना गाठले. त्यांनी सांगितले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे : तक्रारदार जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. म्हणजे परजिल्ह्यातल्या दुकानाविरुद्ध आम्ही बिदरला अर्ज देऊ शकत होतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. हे सांगून झाल्यावर सर म्हणाले, "पण आधी एक पत्र लिही. पत्रात बंदूक मागू नकोस."

मी तसेच केले. हिंदीत एक पान लिहिले आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. त्यात तीनच गोष्टी विचारल्या. बंदुकीचा नंबर अमुक, ती तुमच्या ताब्यात आहे का? काम कुठपर्यंत आले आहे? काय अडले आहे? धमकीचा एक शब्द नाही. खाली मात्र 'कलम १४८ व १६१' एवढे लिहिले, कारण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तेवढा मोह होणारच.

पाचव्या दिवशी उस्तादांचाच फोन आला. पाठोपाठ त्यांनी आपल्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला, आणि तो पाहून मी थक्क झालो. बंदूक आली ती तारीख, नंबर, बनावट, परवान्याचा क्रमांक, आजोबांचे पूर्ण नाव, सारे सुवाच्य अक्षरात, रेघ आखून. परवानाधारकाला अशी नोंद ठेवावीच लागते, केव्हाही तपासणी होते. सरकारला देण्याचा हिशेब इतका चोख, आणि ज्याची बंदूक त्याला कॅलेंडरचे पान! त्या फोटोने ठाण्याचे काम भागले. माझ्या मते आपल्या साऱ्या व्यवहाराचे दुखणे त्या दोन कागदांत आहे. लिहायला, सांगायला आपल्याला येत नाही असे नाही. ज्याची भीती आहे त्याला आपण सांगतो. ज्याने विश्वास टाकला त्याला ताटकळत ठेवतो.

उस्तादांनी मग सगळे सांगितले. त्या जुन्या बनावटीची कमान बाजारात मिळत नाही, हातानेच करावी लागते. पोलादाची पट्टी तापवून वाकवायची, तेलात बुडवायची, पुन्हा बेताने तापवून पाणी द्यायचे. पाणी जास्त झाले तर कमान काचेसारखी तुटते, कमी झाले तर मऊ पडून लोळते. त्यांची पहिली कमान तुटली, दुसरी लोळली. नजर पूर्वीसारखी राहिली नाही, हाताखाली शिकायला कोणी येत नाही. "तो फिर फोन क्यों नहीं उठाया?" मी विचारले. ते म्हणाले, "बोलने को कुछ था ही नहीं बेटा, तो उठाके क्या बोलता?" म्हणून मी त्यांचे नाव लिहिले नाही.

याच विषयावर वाचताना एली व्हिटनीची गोष्ट हाती लागली. कापूस पिंजण्याआधी सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राबद्दल आपण त्याचे नाव वाचलेले असते. या गृहस्थाने १७९८ साली अमेरिकन सरकारला दोन वर्षांत १०,००० बंदुका देण्याचा करार केला, किंमत १,३४,००० डॉलर. दोन वर्षे संपली तेव्हा एकही बंदूक पोचली नव्हती. पहिल्या ५०० पोचल्या १८०१ मध्ये, शेवटच्या १८०९ मध्ये. आमचे उस्ताद त्याच्यापुढे वक्तशीर म्हणायचे! तरीही सरकारने करार मोडला नाही, उलट मुदत वाढवीत गेले, आगाऊ पैसेही देत गेले. कारण व्हिटनी पत्रे लिहून अडचण कळवीत होता, आणि १८०१ च्या जानेवारीत त्याने स्वतः वॉशिंग्टनला जाऊन सुटे भाग जोडून दाखवले. अर्थात, पुढे इतिहासकारांनी त्याच्या शिल्लक बंदुका तपासल्या तेव्हा त्यांचे भाग एकमेकींत नीट बसत नाहीत असे आढळले. म्हणजे बोलका कारागीर खराच असतो असेही नाही. पण बोललेले निदान तपासून पाहता येते. मौन कसे तपासणार?

आपल्या बिदरला बिदरीच्या कारखान्यात कोणी गेले असेल तर त्याला हे पटेल. जस्त-तांब्याचे ओतकाम, मग कानस, मग मोरचूद लावून तात्पुरते काळे करणे, त्यावर नक्षी कोरणे, चांदीची तार ठोकून बसवणे, आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर लावून कायमचा काळा रंग आणणे. घाई करून यातली एकही पायरी गाळता येत नाही. पण गिऱ्हाईक केव्हाही जावो, आपली सुरई कानशीपाशी आहे की तारेपाशी हे त्याला डोळ्यांनी दिसते. दिसणारा उशीर सोसायला जड जात नाही. बंदूकवाल्याचे काम पडद्याआड चालते. तिथे डोळ्यांचे काम जिभेला करावे लागते.

एवढे लिहून थांबलो असतो तर सारा दोष उस्तादांच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. परंतु एक गोष्ट आतापर्यंत मी मुद्दाम सांगितली नाही. त्या शहरात त्या दिवशी आम्ही आधी दुसऱ्याच एका दुकानात गेलो होतो. तिथल्या माणसाने घोडा चढवून पाहिला आणि सरळ सांगितले, "कमान नवी करावी लागेल. तीन महिने. होईल की नाही तेही आज सांगत नाही." आजोबा म्हणाले, "बरं, विचार करून येतो," आणि आम्ही बाहेर पडून पंधरा दिवस म्हणणाऱ्याकडे गेलो. खरे बोलणाऱ्याचे गिऱ्हाईक गेले, खोटी तारीख देणाऱ्याला मिळाले. हे उस्तादांना ठाऊक नसेल का? उभ्या आयुष्यात त्यांनी हेच तर पाहिले असणार. खोटी तारीख ही त्यांनी आम्हांला विकलेली पहिली वस्तू होती, आणि आम्ही ती हौसेने घेतली होती.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतील, कोणी बँकेच्या खिडकीमागे, कोणी बापाच्या अडतीवर. पावतीवर नंबर, तारीख आणि मजुरी लिहायला एक मिनिट लागते. "अजून झाले नाही, कमान तुटली" एवढे सांगायलाही तेवढाच वेळ लागतो, फक्त त्याला छाती लागते. आणि गिऱ्हाईक म्हणून दुसऱ्या बाजूला उभे असताना तीन महिने ऐकून घ्यायलाही छाती लागते. ती माझ्यात आहे की नाही, मला अजून कळलेले नाही. (संपादकांनी या लेखासाठी दिलेली तारीख उलटून आज नववा दिवस आहे, आणि त्यांचे दोन फोन मी उचललेले नाहीत.)

बंदूक २०२४ च्या श्रावणात घरी आली. तिसरी कमान टिकली. मजुरी उस्तादांनी बोलल्यापेक्षा दोनशेने कमी घेतली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला ती आपल्या जागी होती.

यंदा पावसाळ्यात तिच्या दस्त्याला चीर गेली. मी आजोबांना म्हटले, "या वेळी त्या तीन महिनेवाल्याकडं टाकू."

"तीन महिनं?" आजोबा म्हणाले. "तवर डुकरं थांबतेत का?" आणि चष्मा लावून ते जुन्या वहीत उस्तादांचा नंबर शोधू लागले.