मारहाणीच्या आधीचा तास

मार्च २०१७मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१०चा. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला. तरीही हात उठतातच. म्हणून या अंकात आम्ही शिक्षेपेक्षा मारहाणीच्या आधीच्या तासाकडे पाहिलं आहे: कॅज्युअल्टीतली गर्दी, एका रुग्णामागे पाच-सहा नातेवाईक, वाईट बातमी सांगायला एकटाच पुढे झालेला शिकाऊ डॉक्टर. सुरक्षारक्षक हवेतच, पण ते पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. परिचारिका आणि वॉर्डबॉय यांना या चर्चेत सहसा कुणी विचारत नाही. आम्ही मुद्दाम विचारलं. नातेवाईक म्हणून तुम्हीही कधी वॉर्डाबाहेर ताटकळला असाल. तेव्हा तुम्हाला कोणी, काय सांगितलं, ते आम्हाला जरूर कळवा.