शी-शूची घाई लेकराला नसते

आषाढात गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीची धांदल उडते. शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात आई सकाळीच बांधीत उतरते, लेकरू आजीजवळ राहतं आणि पावसामुळे दोरीवरच्या चड्ड्या सुकत नाहीत. नेमकं याच दिवसांत घर ठरवतं की पोराला दोन वर्षं झाली, आता त्याला शी-शू सांगता आलीच पाहिजे. पुढची रडारड तिथूनच सुरू होते.

शी-शू धरून ठेवण्याचा ताबा बहुतेक मुलांना दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो. रात्रीचं अंथरूण ओलं होणं तर पाचव्या वर्षापर्यंत आजारही मानत नाहीत. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी मांडून हेच सांगितलं होतं की मूल तयार झालं की शिकवा, त्याआधी रेटू नका. दोन-दोन तास चड्डी कोरडी राहू लागली, शी आली की लेकरू कोपरा गाठू लागलं, ओली चड्डी ओढून दाखवू लागलं, की ते तयार झालं असं समजा.

आपल्या आज्या पाय लांब करून त्यावर बाळाला शीला बसवतात. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. बाळ उकिडवं बसतं, त्याला आधार असतो आणि समोर ओळखीचा चेहरा असतो. त्यानंतर एकदम संडास येतो. २०१४ च्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर घरोघरी संडास झाले, पण त्यातलं भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं. दोन वर्षांच्या पोराचे पाय दोन्हीकडे पुरत नाहीत, आत अंधार असतो, पडायची भीती वाटते. मग ते शी दाबून धरतं. शी कडक होते, करताना दुखतं, म्हणून पुढच्या वेळी ते आणखी दाबतं. संडासाच्या दारात पोर गडबडा लोळतं ते या भीतीने आणि दुखण्याने, आणि आपण त्याला हट्टी म्हणून फटका देतो!

त्यापेक्षा अंगणात छोटं भांडं ठेवा. जेवणानंतर थोडा वेळ बसवा, नाही झाली तर उठू द्या. मात्र ती शी उकिरड्यावर टाकू नका. लेकराच्या शीतही रोगजंतू असतात. ती संडासातच टाका आणि साबणाने हात धुवा.

बाकीच्या हट्टाचंही तसंच आहे. या वयात इच्छा खूप असते, शब्द थोडे. पाय आपटताना जवळ बसा, डोकं आपटू देऊ नका, शांत झाल्यावर बोला. आईने नाही म्हटलेलं बिस्किट आजोबांनी दिलं, तर रडून मिळतं हे ते शिकणारच. रडता रडता श्वास धरून लेकरू निळं पडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. अंगात लोह कमी असल्यानेही असं होतं.

रोवणी उरकेपर्यंत ही शिकवणी थांबली तरी काही बिघडत नाही. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एक विचारा: आपल्या अंगणवाडीत लेकरांच्या मापाचा संडास आहे का? नसेल तर मागणी नोंदवूनच घरी या.