गावठी म्हणजे निर्धोक?

बाजारात गावठी कोंबडीला अधिक दाम मिळतो. चवीसाठी तो अवश्य मोजावा; पण ती मोकळी हिंडते म्हणून रोगजंतूंपासून मुक्त असते, हा समज खरा नाही. मोकळी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, गटाराकाठचे पाणी पिते, माश्या व किडे टिपते. उंदरांच्या लेंड्या आणि रानपाखरांची विष्ठा तिच्या वाटेतच असते. त्यांतून साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू तिच्या आतड्यांत शिरतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. कॅम्पिलोबॅक्टरला नेमकी हीच ऊब मानवते. ती स्वतः मात्र बहुधा आजारी दिसत नाही. लालबुंद तुरा पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होते, ते उगाच.

बंदिस्त पोल्ट्रीतही हे जिवाणू आढळतात, हेही सांगितले पाहिजे. खुराडे कोरडे ठेवणे, पाण्याचे भांडे रोज घासणे, दाणे उंदरांपासून झाकणे, एवढे पाळणाऱ्याच्या हाती आहे. स्वयंपाकघरात मात्र स्वच्छतेच्या हौसेपायीच अनर्थ ओढवतो. कच्चे मांस नळाखाली धुतले जाते आणि त्याचे शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. रस्सा खळखळून उकळतो, त्यातील जिवाणू मरतात; कोशिंबीर तशीच मुलांच्या पानात वाढली जाते.